लग्नात जादूगार बोलवावा का?



काही रविवारांपूर्वीची गोष्ट. मिस्सा आटोपून मी आत वस्त्रे उतरवून ठेवत होतो. तेवढ्यात आपल्या धर्मग्रामातील एक कुटुंब दाराशी येऊन उभे राहिले. आई, वडील, लग्न ठरलेला मुलगा आणि त्याची आजी. मुलगा पुण्याला कंपनीत नोकरी करतो. विवाह संस्कार सकाळी आपल्या चर्चमध्ये आणि संध्याकाळी मंगल कार्यालयात रिसेप्शन, असे ठरलेले. मुलाचे म्हणणे होते की डीजे नको, त्याच्या आवाजाने म्हाताऱ्या माणसांची छाती धडधडते. त्यापेक्षा एक जादूगार बोलवावा. पुण्यात त्याने एका मित्राच्या लग्नात असा कार्यक्रम पाहिला होता. लहान-थोर सगळे खूश झाले होते.

आई-वडिलांची हरकत नव्हती. हरकत आजीची होती. आजी म्हणाली, "फादर, सकाळी देवापुढं शपथ घ्यायची आन् सांजच्याला जादूवाला उभा करायचा, हे बरं दिसतंय का?"

मी हसलो आणि म्हणालो, "आजी, तो जादूटोणा नव्हे. हातचलाखी असते. करमणूक. त्यात पाप नाही."

सगळे हसले. आजी हसली नाही. ती म्हणाली, "पाप नसंल. पर फसवणं तर हाय का न्हाई?" आणि काठी टेकत बाहेर गेली.

सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो, परीक्षा दिल्या, पदवी घेतली. पण त्या दिवशी दुपारी जेवताना घास हातात धरून मी आजीच्या त्या एका वाक्याचा विचार करीत होतो. मी तिला उत्तर दिले होते, पण ते तिच्या प्रश्नाचे नव्हते. म्हणून आज या पानावर तो प्रश्न आपण सर्वांनी मिळून पाहावा असे वाटते. लग्नसराईचे दिवस येतच असतात आणि असा विचार उद्या तुमच्याही घरात निघेल.

प्रथम आजीच्या भीतीविषयी. आपल्या मराठीत 'जादू' हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरला जातो. एक, करणी, भानामती, मूठ मारणे, अंगात आणणे. दुसरी, टोपीतून कबुतर काढणे. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ पहिल्या प्रकाराला स्पष्ट शब्दांत नाकारतो. गुप्त शक्तींना वश करून दुसऱ्यावर ताबा मिळवू पाहणे हे परमेश्वराला द्यायचा मान दुसरीकडे देणे आहे, असे तो सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांत इफिस शहरातील जादूटोणा करणाऱ्यांनी आपली पुस्तके आणून सर्वांसमोर जाळली. त्यांची किंमत पन्नास हजार चांदीची नाणी भरली. आजीची भीती या जागेवरून येते आणि ती अडाणी भीती नाही. करणीच्या संशयावरून आपल्याकडे माणसे मारली गेली आहेत, बायकांची धिंड निघाली आहे.

परंतु कबुतरवाला त्यांतला नाही. उलट तो त्यांच्या विरुद्ध बाजूचा साक्षीदार आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन काय करीत असत? बुवा ज्याला चमत्कार म्हणतो तोच प्रयोग ते लोकांसमोर करून दाखवीत आणि मग त्याची युक्ती सांगत. नारळाच्या शेंडीत पोटॅशियम परमँगनेट लपवायचे आणि वरून पाण्याच्या नावाने ग्लिसरीन टाकायचे. थोड्या वेळाने नारळ पेटतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते, आणि बघणाऱ्याला वाटते की रक्त आले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर लगेच अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये आपल्या विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणे आणि त्यावर पैसा कमावणे हा आज महाराष्ट्रात गुन्हा आहे. रंगमंचावरची हातचलाखी हा गुन्हा नाही. युक्ती दोन्हीकडे एकच असू शकते. मग फरक कुठे आहे?

इथे आजीचा खरा प्रश्न सुरू होतो. फसवणे तर आहे की नाही?

संत ऑगस्टीन यांनी खोटेपणा या विषयावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. खोटे बोलण्याबाबत ते अतिशय कडक होते. एखाद्याचा जीव वाचविण्यासाठीही खोटे बोलू नये, इथपर्यंत त्यांची मजल जाते. पण ग्रंथाच्या सुरुवातीलाच ते थट्टा-विनोद बाजूला काढून ठेवतात. थट्टा करणाऱ्याच्या आवाजावरून आणि एकंदर रंगावरूनच कळते की त्याला कुणाला फसवायचे नाही, म्हणून थट्टेला खोटे कुणी म्हणत नाही, असे ते सांगतात. बोललेला शब्द खरा नाही एवढ्याने ते खोटे ठरत नाही. समोरच्याच्या मनात चुकीची समजूत रुजवायचा हेतू लागतो.

आपल्याला हे समजायला ऑगस्टीनही नको. आपल्या भागात बहुरूपी येत असत, अजूनही एखादा येतो. पोलिसाचा पोशाख, हातात दांडकं. दुकानात शिरून म्हणतो, चला, तुमच्या नावाचं वॉरंट आहे. दुकानदार हसतो आणि पाच-दहा रुपये काढून देतो. कुणी त्याच्यावर तोतयेगिरीची फिर्याद करीत नाही, कारण त्यालाही माहीत आहे, आपल्यालाही माहीत आहे आणि आपल्याला माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे. हा दोघांनी मिळून घातलेला मांडव आहे. मांडवाच्या आत जे घडते ते खोटे नव्हे, तो खेळ आहे.

जादूगारही तेच करतो. तो एका हाताने रुमाल झटकतो, आपले डोळे त्या हातामागे धावतात आणि नाणे दुसऱ्या हाताच्या तळव्यात दडते. आपण फसतो, पण फसायलाच तर बसलेलो असतो. पुण्याचे जादूगार रघुवीर भोपळे यांचे खेळ आपल्या वडीलधाऱ्यांनी तिकिटे काढून पाहिले. घरी जाताना 'कसं केलं असेल बरं?' असे ते एकमेकांना विचारीत गेले. 'आपल्याला लुबाडलं' असे कुणी म्हटले नाही.

पण हा मांडव बांधलेला असावा लागतो. एप्रिल १९५६ मध्ये लंडनमध्ये बीबीसीच्या 'पॅनोरामा' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात पी. सी. सरकार यांनी एका मुलीला करवतीने मधोमध कापण्याचा खेळ केला. मुलगी काही हालेना आणि तेवढ्यात कार्यक्रम संपल्याचे सांगण्यात आले. वेळ संपली, असे कारण देण्यात आले. पण घरोघरी बसलेल्या लोकांना वाटले की मुलगी खरेच मेली. बीबीसीत फोनवर फोन येऊ लागले. मुलगी सुखरूप होती. खेळ तोच होता, पण शेवट दिसला नाही म्हणून काही वेळ लोकांसाठी तो खेळ राहिला नाही.

म्हणजे पहिली अट ही की, सर्वांना माहीत असले पाहिजे. आमच्या पुस्तकांत एवढे लिहिले होते. मीही आजीला हेच सांगून मोकळा झालो असतो. पण त्या दुपारी मला एक जुनी आठवण आली आणि घास खाली ठेवावा लागला.

मी नवा नवा धर्मगुरू असतानाची गोष्ट. दुसऱ्या एका गावी लग्नाला गेलो होतो. रिसेप्शनला जादूगार होता. माणूस हुशार, बोलण्यात पटाईत. नवरदेवाच्या मामांचे घड्याळ त्याने रुमालात घेतले, रुमाल झटकला आणि घड्याळ गायब. मग तो लोकांमध्ये फिरू लागला. इकडे बघ, तिकडे बघ, असे करीत तो पंगतीत पाणी वाढणाऱ्या एका मुलापाशी थांबला. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा, केटररबरोबर मजुरीवर आलेला. जादूगाराने त्याच्या खिशात हात घातला आणि घड्याळ वर काढले. "सापडला चोर!" असे तो ओरडला. सारा हॉल हसला. मामा खोटे खोटे रागावून त्याच्या अंगावर धावले. आणखी हशा. मीही हसलो. पुढच्या खुर्चीवर, पांढऱ्या झग्यात बसून मी हसलो.

तो मुलगा हसत नव्हता. तो म्हणत होता, "म्या न्हाई घेतलं, म्या न्हाई घेतलं." त्याचा आवाज हशात बुडून गेला. नंतर तो मला दिसला नाही. जेवताना दुसरेच कुणी पाणी वाढत होते.

बंधुभगिनींनो, त्या हॉलमध्ये खेळ आहे हे सर्वांना माहीत होते. मामांचे घड्याळ जादूगारानेच फिरवले, याविषयी कुणाच्या मनात शंका नव्हती. ऑगस्टीनची कसोटी लावली तर तिथे कुणी खोटे बोलले नाही. तरीसुद्धा त्या मुलावर काहीतरी झाले. काय झाले?

त्याला मांडवात बोलावलेच नव्हते. तो पाहुणा नव्हता, त्याने तिकीट काढले नव्हते, त्याला कुणी 'तुझ्या खिशात हात घालू का?' असे विचारले नव्हते. आणि मामांची थट्टा झाली असती तर मामांचे काही बिघडले नसते. ते गावातले मोठे शेतकरी. त्यांना कुणी खरेच चोर समजणार नव्हते. या पोराला मात्र दुसऱ्या दिवशी केटरर काय म्हणाला असेल, गल्लीत पोरांनी कोणत्या नावाने हाक मारली असेल, कोण जाणे.

चोर हा शब्द आपल्याकडे सगळ्यांना सारखा लागत नाही. १८७१ मध्ये इंग्रजांनी कायदा करून पुढे जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरविल्या. जवळच सोलापूरला त्यांना तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये ठेवले होते. १९५२ मध्ये ते शिक्के पुसले, कागदावरचे. आणि आपल्यातल्या किती जणांच्या आजोबा-पणजोबांनी अनुभवले आहे की, गावात काही हरवले की पहिले बोट कुणाच्या वस्तीकडे जायचे? ज्यांनी ते भोगले त्यांच्या नातवंडांनी पाणी वाढणाऱ्या पोराला 'चोर' म्हणून हसावे काय?

तेव्हा दुसरी अट अशी. खेळात ज्याला ओढायचे त्याला ठाऊकही असावे आणि त्याची खुशीही असावी. शिवाय त्याला 'नको' म्हणता येण्याइतपत त्याची जागा असावी. मालकाला नको म्हणता येते. मजुरीवर आलेल्या पोराला येत नाही.

घड्याळाचीच आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या एका संताची. संत जॉन बॉस्को यांचा जन्म इटलीत १८१५ साली गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. लहानपणी जत्रेत येणाऱ्या डोंबाऱ्यांचे आणि जादूगारांचे खेळ पाहून पाहून ते शिकले. रविवारी गावातली मुले गोळा करून ते दोरीवर चालत, नाणी गायब करीत. तिकीट एकच, सर्वांनी मिळून प्रार्थना करायची आणि सकाळचे प्रवचन पुन्हा ऐकायचे. पुढे चिएरी गावी शिकत असताना त्यांचे खेळ इतके रंगले की हा सैतानी विद्या करतो अशी कुजबूज झाली. तेथील बुर्झिओ नावाच्या वरिष्ठ धर्मगुरूंनी त्यांना चौकशीसाठी बोलावले. तरुण जॉनने नम्रपणे विचारले, फादर, किती वाजले? फादरांनी खिशात हात घातला तर घड्याळ नाही. एखादे नाणे आहे का? पाकीटही नाही. मग जॉनने सांगितले, की आपण भिकाऱ्याला दान दिल्यावर पाकीट येथे ठेवले, घड्याळ तेथे ठेवले, मी दोन्ही उचलून या दिव्याच्या झाकणाखाली ठेवली. वस्तू तिथेच होत्या. फादर पोट धरून हसले आणि प्रकरण मिटले.

दोन्ही गोष्टींत घड्याळ नाहीसे झाले. पण जॉन बॉस्को यांनी ते आपल्यापेक्षा मोठ्या माणसाचे घेतले, जो त्यांना शिक्षा करू शकत होता. त्यांनी युक्ती लपवून ठेवली नाही, उलगडून दाखवली. आणि शेवटी ज्याची थट्टा झाली तोच सर्वांत मोठ्याने हसला. ख्रिस्तसभेने १९३४ मध्ये त्यांना संत म्हणून घोषित केले. जगभरातले कितीतरी जादूगार त्यांना आपला पाठीराखा मानतात.

आता पैशाविषयीही बोलले पाहिजे, कारण जादूगार फुकट येत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात नेमका हा प्रश्न घेतला आहे. खेळाडू, सोंगाडे यांचा धंदा पापाचा आहे का? ते म्हणतात, नाही. शरीर थकले की जशी विश्रांती लागते तशी मनाला करमणूक लागते. जो ती मर्यादेने देतो तो समाजाची सेवाच करतो. म्हणून त्याला वाजवी मोबदला देणे हे पाप नसून न्यायच आहे. मात्र गरजेपेक्षा उधळपट्टी करणारा चुकतो. आणि खेळाला त्यांनी तीन बंधने घातली. तो अश्लील किंवा कुणाला इजा करणारा नसावा, माणसाने त्यात भान हरपू नये, आणि तो त्या व्यक्तींना, वेळेला व जागेला शोभावा. सोयाबीनचे पैसे अजून हातात आलेले नाहीत, बचत गटाचे हप्ते थकलेले आहेत आणि शेजाऱ्याने आणला म्हणून आपणही जादूगार आणायचा, तर चूक जादूगाराची नाही, आपली आहे.

शेवटी शुभवर्तमानाकडे वळू. संत लूक यांच्या शुभवर्तमानात दुःखसहनाच्या दिवशी पिलाताने येशूला हेरोदाकडे पाठविले. हेरोदाला फार आनंद झाला, कारण येशूच्या हातून एखादा चमत्कार पाहायला मिळेल अशी त्याला पुष्कळ दिवसांपासून आशा होती. त्याला येशू हवा होता तो दरबारातला जादूगार म्हणून. येशूने एका शब्दाचेही उत्तर दिले नाही. मग हेरोदाने काय केले? शिपायांसह त्याची थट्टा केली आणि त्याला झळझळीत वस्त्र घालून परत पाठविले. खेळ मिळाला नाही म्हणून ज्याला उलट उत्तर देता येत नव्हते त्यालाच खेळ बनविले. त्या रिसेप्शनच्या हॉलमध्ये पुढच्या खुर्चीवर बसून मी कुणाच्या बाजूने हसलो होतो, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

त्याच येशूने काना गावी मात्र, कुणी खेळ न मागता, लग्नातच पहिले चिन्ह केले. द्राक्षारस संपला होता. यजमानाची पाहुण्यांसमोर मान खाली जाणार होती. दगडाचे सहा मोठे रांजण, एकेकात सुमारे ऐंशी ते एकशेवीस लिटर पाणी मावेल असे. ते काठोकाठ भरायला नोकरांना किती खेपा घालाव्या लागल्या असतील! २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, ते दिवस पाहिलेल्या आपल्याला हे समजावून सांगायला नको. आणि संत योहान मुद्दाम लिहितात की द्राक्षारस कुठून आला हे भोजनकारभाऱ्याला माहीत नव्हते. ज्या नोकरांनी पाणी काढले होते त्यांना माहीत होते. तेथे कुणी टाळ्या वाजविल्या नाहीत. घरची लाज झाकली गेली आणि पाणी भरणारे सर्वांआधी त्या आनंदाचे वाटेकरी झाले.

प्रभूचे चिन्ह आणि जादूगाराचा खेळ यांची तुलना होऊ शकत नाही. पण लग्नाच्या मांडवात कोणता आनंद शोभतो हे काना आपल्याला शिकविते. ज्या आनंदाने कुणाची तरी लाज राखली जाते, तो. ज्या हशासाठी कुणाला तरी मान खाली घालावी लागते तो आनंद आपला नव्हे, मग तो जादूगाराने आणलेला असो, डीजेने असो, की नवऱ्याचे बूट पळविणाऱ्या करवल्यांनी असो.

मागच्या आठवड्यात मी त्या कुटुंबाच्या घरी जाऊन आलो. आजीला म्हणालो, "आजी, तुमचा प्रश्न बरोबर होता. मी घाईत उत्तर दिलं." मग हे सगळे बोललो. मुलाला सांगितले, जादूगार जरूर बोलव, पण त्याच्याशी आधी नीट बोल. चर्चच्या आवारात खेळ नको, मिस्साच्या गोष्टींची नक्कल नको. अंगात येण्याचे, भूत उतरविण्याचे सोंग नको. गर्दीतून कुणाला पुढे घ्यायचे असेल तर तुला घे, तुझ्या बापाला घे, मला घे. वाढप्यांना, कामाला आलेल्या माणसांना हात लावायचा नाही. ठरलेले पैसे त्याच दिवशी हातात द्यायचे. आणि ऋण काढून तर मुळीच नको.

मुलगा म्हणाला, "फादर, दोन घटका हसायचं, त्यात एवढा विचार?" मी त्याला पाणी वाढणाऱ्या मुलाची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मी शाळेत असताना सुट्टीत केटररकडं जात होतो."

आजी मात्र तिच्या पद्धतीने पुढे गेली. तिने विचारले, "तो जादूवाला जेवणार कुठं?" कुणी याचा विचार केला नव्हता. तीच म्हणाली, "पाहुण्यासंगं बसवा त्याला. आन् त्या वाढणाऱ्या पोरांस्नी पण खेळ दिसंल असं बसवा."

तर असे ते लग्न ठरले आहे. आपल्यापैकी पुष्कळांना आमंत्रण येईलच. मीही जाणार आहे. माझ्या खिशातले घड्याळ गेले तर हसा, हरकत नाही.

प्रभू आपल्या घरांवर आणि आपल्या मांडवांवर कृपा करो.

आपला,
फादर